मार्टिन बेक मालिका: ‘द टेररिस्ट्स’ संपल्यावर (रहस्यभेद भरपूर, दहाही वाचली नसतील तर जपून)

तळघर
मार्टिन बेक मालिकेचं दहावं आणि शेवटचं पुस्तक संपवून ‘आता पुढे काय’ विचारणारे प्रतिसाद वाचनाच्या निरनिराळ्या धाग्यांवर विखुरलेत. एका जागी यावेत म्हणून हा धागा.

नव्यांसाठी थोडक्यात: माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने 1965 ते 1975 या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. स्टॉकहोमचं खून-पथक, त्यात मार्टिन बेक, कोलबर्ग, गुनवाल्ड लार्सन, रोन, मेलांदर वगैरे मंडळी. प्रत्येक पुस्तकात तीस प्रकरणं, म्हणजे एकूण तीनशे. दहा पुस्तकं हे आधीच ठरलेलं होतं, आणि सगळ्यांना मिळून उपशीर्षक एकच: एका गुन्ह्याची कादंबरी. वालो 1975 च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी दहावं पुस्तक आलं. शोवालबाईंनी त्यानंतर 2020 पर्यंतच्या हयातीत बेकचं अकरावं पुस्तक लिहिलं नाही.

तर चर्चेला मुद्दे: शेवट कसा वाटला, पुन्हा वाचायची तर कशी, आणि यानंतर काय हाती घ्यावं.

अडकित्ता
शेवट फुसका आहे. स्पष्टच लिहितो. पंतप्रधानाचा खून होतो, आणि त्यानंतर पुस्तक संपतं कुठे, तर चौघं जण कोलबर्गच्या घरी बसून अक्षरांचा खेळ खेळतायत तिथे. शेवटचा शब्द ‘मार्क्स’. इतकी पानं तपास वाचून हातात काय पडलं? घोषणा.

नीलमोहर
अडकित्ता, घोषणा आहे हे मान्य, लेखकद्वय कम्युनिस्ट होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण ती घोषणा कोणाच्या तोंडी आहे ते बघा. कोलबर्गच्या. ‘कॉप किलर’च्या शेवटी राजीनामा देऊन जो पोलीसखात्यातून बाहेर पडला, तो. बेक अजून खात्यात आहे आणि समोर बसून ऐकतोय. नववं पुस्तक गाळून थेट दहावं घेतलं तर या प्रसंगात चार मित्र आणि एक खेळ यापलीकडे काहीच दिसणार नाही.

बहुतेकांचा विरस इथेच होतो. ‘द टेररिस्ट्स’ सुटं पुस्तक म्हणून वाचलं तर पसरट वाटतं: एक खटला, एक सिनेमावाल्याचा खून, एक अमेरिकन सिनेटरचा दौरा, तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय ते बराच वेळ कळत नाही. प्रकरण 271 ते 300 म्हणून वाचलं तर सांधे दिसायला लागतात.

चौकट_राजा
सांधे कुठे आहेत ते नीट मांडतो, पुन्हा वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

पहिला सांधा 1, 2 आणि 9 चा. ‘रोझॅना’तला खुनी फोल्के बेंग्टसन शिक्षा भोगून सुटतो आणि ‘कॉप किलर’मध्ये दक्षिणेकडच्या आंदरस्लोवजवळच्या एका खेड्यात राहत असतो. शेजारची बाई नाहीशी होते, सगळ्यांचं बोट त्याच्याकडे. त्याच पुस्तकात ‘द मॅन हू वेंट अप इन स्मोक’मधला गुन्हेगार पत्रकार म्हणून नाव बदलून येतो. बेकने पकडलेली दोन माणसं, दोघांनी शिक्षा भोगलेली. आता बेकला त्यांच्याशी कसं वागावं हेच कळत नाही. पहिली दोन वाचलेली नसतील तर ही दोघं नुसती पात्रं राहतात.

दुसरा सांधा 4 चा. ‘द लाफिंग पोलिसमन’मध्ये दुमजली बसवर गोळीबार होतो, नऊ बळी. त्यातला एक पथकातलाच तरुण, स्टेनस्ट्रॉम. तो आधीच्या पुस्तकांत कोपऱ्यात वावरलेला असतो, म्हणून तर धक्का बसतो. त्याची मैत्रीण ओसा तोरेल पुढे स्वतः पोलिसात जाते. थेट चौथ्यापासून सुरुवात करणारे खूप आहेत, कारण रहस्यकथांसाठीचं 1971 चं एडगर पारितोषिक याच पुस्तकाला आणि नाव याचंच जास्त. पण मग स्टेनस्ट्रॉम म्हणजे बसमधलं आणखी एक प्रेत.

तिसरा 7 आणि 8 चा. ‘द अबॉमिनेबल मॅन’च्या शेवटी बेकला छपरावर गोळी लागते. ‘द लॉक्ड रूम’ उघडतं तेव्हा पंधरा महिने उलटलेत, तो नुकताच कामावर रुजू झालाय. आठवं आधी वाचलं की सातव्याच्या शेवटातली हवाच जाते. कारण तो वाचतो हे आपल्याला माहीत.

चौथा 8 आणि 10 चा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दोन्हींत सरकारी वकील एकच, बुलडोझर ओल्सन. ‘द लॉक्ड रूम’मध्ये माउरित्सन नावाच्या माणसाने जो खून केलेला असतो त्यातून तो सुटतो आणि बँकेच्या ज्या दरोड्याशी त्याचा संबंध नाही त्यात तो अडकतो. खरी दरोडेखोर बाई निसटते. दहाव्यात त्याच ओल्सनसमोर रेबेका लिंड उभी राहते.

माजघर
रेबेकाबद्दल एक जोड. सुरुवातीचा तो खटला लोक विनोदी मध्यंतर समजून भराभर उलटतात. ब्राक्सेन हा गबाळा, बोलता बोलता भरकटणारा वकील, त्याच्या उलटतपासण्या, हसू येतंच. पण पुस्तकाचा कणा तिथे आहे. अठरा वर्षांची मुलगी, तान्ही लेक, लेकीचा बाप अमेरिकन सैन्यातून पळून आलेला आणि परत गेल्यावर तुरुंगात. बँका लोकांना पैसे देतात असं ऐकून ती बँकेत कर्ज मागायला जाते आणि दरोडेखोर म्हणून पकडली जाते. ती निर्दोष सुटते, वाचक सुटकेचा श्वास टाकतो आणि तिला विसरतो. पोलिसही विसरतात. लेखकांना नेमकं तेच हवं असतं. सगळी यंत्रणा आंतरराष्ट्रीय दहशतवाद्यांकडे डोळे लावून बसते आणि गोळी झाडते ती ही मुलगी.

दुसऱ्या वाचनात रेबेका जिथे जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा. मोजक्याच जागा निघतील. प्रत्येक ठिकाणी तिला कोणीतरी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलेलं असतं.

अडकित्ता
हा मुद्दा पटला. तरी मधला सिनेमावाला कशासाठी, हे अजून अनुत्तरित आहे.

माजघर
वॉल्टर पेत्रुस ना? तोही याच साच्यातला. पैसा आणि ओळखी असलेला माणूस तरुण मुलींना नासवतो, कायदा त्याला हात लावत नाही, शेवटी एक सामान्य माणूस त्याला मारतो. पोलीस त्या माणसाला पकडतात कारण ते त्यांचं काम आहे, पण पकडल्याचा आनंद कोणालाच नाही. हीच गोष्ट पुढे मोठ्या मापात घडते. मात्र हा भाग लांबलाय हे खरं, दोन-तीन प्रकरणं सहज कमी चालली असती.

लालडबा
पंतप्रधानाच्या खुनावरून ‘1975 मध्ये लेखकांनी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या हत्येचं भाकीत केलं’ असं सर्रास लिहिलं जातं, ते जरा आवरा. पाल्मे 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री सिनेमा बघून बायकोबरोबर पायी घरी जात असताना स्वेआवेगन रस्त्यावर मारले गेले, सोबत अंगरक्षक नव्हते. कादंबरीत कडेकोट बंदोबस्तातल्या सरकारी दौऱ्यात खून होतो आणि मारणारी कोण हे लगेच कळतं. प्रत्यक्षातला तपास 2020 मध्ये बंद केला, कारण ज्याच्यावर संशय होता तो आधीच मेलेला, खटला कोणावर भरणार? साम्य इतकंच की देशाच्या प्रमुखाला कोणी मारू शकतं ही शक्यता तोवर तिथे कोणी मनावर घेतली नव्हती.

त्यापेक्षा बंदोबस्ताची प्रकरणं बघा. गुनवाल्ड लार्सन लॅटिन अमेरिकेतल्या एका देशात बंदोबस्ताचा अभ्यास करायला जातो आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षाची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत उडते. लार्सनला स्वतःच्या महागड्या सुटाचं पडलेलं असतं, हा खास त्यांचा काळा विनोद. पण त्याच अनुभवातून पुढची युक्ती येते. मारेकरी दूरचित्रवाणीवरचं थेट प्रक्षेपण बघून दुरून स्फोट घडवणार हे ओळखून पोलीस ते प्रक्षेपण उशिराने दाखवतात. पडद्यावर ताफा दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात केव्हाच पुढे गेलेला असतो. 1975 सालचं पुस्तक आहे हे.

कोरांटी
अनुवादांबद्दल कोणी सांगेल का? काही पुस्तकांची भाषा एकदम सुटसुटीत आणि काहींची जड लागते. लेखक तेच असताना असं का?

चौकट_राजा
दहा पुस्तकं मिळून सात जणांचा हात आहे, म्हणून. ‘रोझॅना’ लोइस रॉथ. 2, 5 आणि 10 जोन टेट. 3 आणि 4 अ‍ॅलन ब्लेअर. 6 एमी आणि केन नोस्पेल या दोघांनी मिळून. 7 आणि 9 थॉमस टील. 8 पॉल ब्रिटन ऑस्टिन. माझ्या मते टीलची दोन सगळ्यात वाहती, संवाद कानाला खरे वाटतात. टेटबाई कोरड्या आहेत, पण ‘द टेररिस्ट्स’ला तो कोरडेपणा शोभतो. ऑस्टिनचा अनुवाद जरा ठसकेबाज, बँक-दरोड्याच्या प्रहसनात खपून जातो. सहाव्यात मात्र लेखकांचा टोमणा आणि अनुवादाचा जडपणा एकत्र येतात आणि अर्ध्यावर पुस्तक मिटावंसं वाटतं.

नीलमोहर
सहावं, ‘मर्डर अ‍ॅट द सॅव्हॉय’, तसंही दहांत सगळ्यात कच्चं. माल्मोच्या हॉटेलात उद्योगपतीला जेवताना गोळी घालतात इथपर्यंत फक्कड. पुढे उद्योगपती इतका सरसकट नालायक दाखवलाय की तपासात काही ताण उरत नाही. तरी गाळू नका. बेकचा संसार मोडतोय तो धागा इथून जातो, आणि दात कोरत बसणारा माल्मोचा मोन्सन पाचव्यात भेटतो तो इथे नीट कळतो.

आवृत्तीबद्दल एक सूचना. काही इंग्रजी आवृत्त्यांना नामवंत लेखकांच्या प्रस्तावना आहेत: ‘रोझॅना’ला हेनिंग मँकेल, ‘द लाफिंग पोलिसमन’ला जोनाथन फ्रांझेन, ‘द टेररिस्ट्स’ला डेनिस लहेन. तिन्ही वाचण्यासारख्या, पण पुस्तक संपल्यावर. प्रस्तावना लिहिणारा वाचकाला कथानक ठाऊक आहे असं धरून चालतो. मलपृष्ठावरचा मजकूरही तसाच घातकी, पुढच्या पुस्तकाच्या पाठीवर मागच्याचा शेवट हमखास फुटलेला असतो. सगळी पुस्तकं एकदम घेतलीत तर पाठ फिरवून ठेवा.

पाटीपेन्सिल
पुन्हा वाचताना एक पद्धत उपयोगी पडते. रहस्य आता ठाऊक आहे, तेव्हा तपासाकडे बघायचं सोडून खात्याकडे बघायचं. स्वीडनमधली पोलीसदलं 1 जानेवारी 1965 ला गावोगावच्या नगरपालिकांकडून काढून केंद्र सरकारच्या ताब्यात गेली. मालिका सुरू होते तेही 1965 मध्येच. वही घेऊन प्रत्येक पुस्तकासाठी तीन रकाने पाडा. पहिल्यात पोलिसांनी विनाकारण बळ वापरल्याचा प्रसंग. दुसऱ्यात वरिष्ठांनी तपासात घातलेला खोडा. तिसऱ्यात बेक राहतो कुठे आणि प्रकृती कशी.

‘रोझॅना’त पहिले दोन रकाने जवळजवळ कोरे राहतात. त्यातली मोताला गावची पोलीसमंडळी धीमी, सभ्य, चिवट. कालव्याच्या गाळात प्रेत सापडतं, ओळख पटायलाच जवळजवळ तीन महिने जातात, प्रवाशांनी काढलेले फोटो आणि फिल्म जगभरातून मागवून एकेक चेहरा जुळवत बसतात. सातव्यापर्यंत येईस्तोवर पहिला रकाना भरून वाहतो, कारण त्या पुस्तकात मारला जाणारा अधिकारीच क्रूर असतो आणि त्याच्या विरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबलेल्या असतात. नवव्यात तर एक पोलीस चकमकीनंतर दगावतो, वर्तमानपत्रं ‘पोलिसाचा खुनी’ म्हणून ओरडतात, अख्खं दल एका पोराच्या मागे लागतं, आणि तो पोलीस मेलेला असतो गांधीलमाशी चावून. हे वाचून हसू येतं आणि पाठोपाठ कोलबर्गचा राजीनामा येतो.

तिसरा रकाना उलटा चालतो, हीच गंमत. बेक सुरुवातीला बागारमोसेन या उपनगरात न पटणाऱ्या बायकोबरोबर राहतो, सतत सर्दी, पोटदुखी, रात्री जहाजांच्या प्रतिकृती जोडत बसायचं. मग जुन्या शहरात, कोपमनगातानवर एकट्याचं घर. मग आठव्यात रेआ नील्सन आणि तिचं तुलेगातानचं घर. खातं जितकं सडत जातं तितका हा माणूस सुधारत जातो. दहाव्यात तर चक्क खुशीत असतो.

लालडबा
पाटीपेन्सिल, क्रिस्तियानसन आणि क्वांत या आळशी शिपायांच्या जोडीलाही एक रकाना द्या. हवालदारी विनोद म्हणून येतात, कामात कायम गोंधळ. सातव्यात क्वांत मरतो. त्याच्या जागी येतो तो क्वास्तमो, आणि तो कामसू निघतो. कामसू असल्यामुळे जास्त त्रासदायक! शिवाय पाचव्या ‘द फायर इंजिन दॅट डिसअपिअर्ड’मधलं ते हरवलेलं खेळण्यातलं बंब-वाहन, रोनच्या पोराचं. शीर्षक दोन अर्थांनी घेतलंय हे पहिल्या वाचनात अनेकांच्या लक्षातही येत नाही.

कोरांटी
चित्रपट, मालिका वगैरे बघून भागेल का? की फसगत होते?

नीलमोहर
‘बेक’ नावाची स्वीडिश मालिका 1997 पासून चालू आहे, पीटर हाबर बेकच्या भूमिकेत. त्यातल्या बहुतेक कथा नव्याने लिहिलेल्या, पुस्तकांतली फक्त माणसं घेतलीत. चांगली करमणूक, पण दहाव्या पुस्तकानंतरचा भाग म्हणून बघायला गेलात तर निराशा. पुस्तकाशी प्रामाणिक हवं असेल तर 1976 चा बो विडरबर्ग दिग्दर्शित ‘द मॅन ऑन द रूफ’, सातव्या कादंबरीवरचा. 1973 चा अमेरिकन ‘द लाफिंग पोलिसमन’ वॉल्टर मॅथाऊसाठी बघा, पण तो स्टॉकहोमवरून उचलून सॅन फ्रान्सिस्कोत नेलाय आणि मूळ पुस्तकातलं सामाजिक अंग तिथेच राहिलं. बीबीसी रेडिओने 2012-13 मध्ये दहाही पुस्तकांची नाट्यरूपं केली, स्टीव्हन मॅकिंटॉश बेक, नील पिअर्सन कोलबर्ग. एकेक साधारण तासाभराचं, म्हणजे बरंच कापलंय. उजळणीला उत्तम, पहिल्या भेटीला नको.

अडकित्ता
आता ‘पुढे काय’ वर या. दहा संपली, रिकामपण आलं. मँकेलचा पोलीस वालंडर?

तळघर
वालंडर चालेल, मँकेलने या जोडीचं ऋण उघड मान्य केलंय. फक्त तिथला शेवट फार वेगळा आहे. ‘द ट्रबल्ड मॅन’ 2009 चं, त्यात वालंडरची स्मृती जायला लागते. ते शेवटचं वाचून लगेच ‘द पिरॅमिड’ घ्या. त्या कथा त्याच्या तरुणपणीच्या आहेत. मालिकेतल्या काळानुसार आधी वाचायचा मोह होतो, पण मागाहून वाचलेल्या जास्त चढतात.

शेवटच्या पुस्तकांचे प्रकार पडतात, निवडताना ते माहीत असावेत. काही आधी लिहून कुलपात ठेवलेली. पॉयरोचं ‘कर्टन’ अगाथाबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलं आणि 1975 मध्ये छापू दिलं. 6 ऑगस्ट 1975 ला न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोची मृत्युवार्ता पहिल्या पानावर दिली होती. लिखाण जुनं असल्यामुळे ते 1972 च्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’च्या पाठोपाठ वाचलं तर काळाची खडखड जाणवते, आणि लेखणीची धारही. जुनंच जास्त धारदार. वाचायचंच तर आधी 1920 चं पहिलं स्टाइल्सवालं पुस्तक पुन्हा चाळून मग ‘कर्टन’ उघडा, जागा तीच आहे.

इटालियन पोलीस अधिकारी मोंताल्बानोचं ‘रिकार्दिनो’ही तसंच. कामिल्लेरींनी 2005 च्या सुमारास लिहून पालेर्मोच्या सेल्लेरियो प्रकाशनाकडे ठेवलं, 2016 मध्ये भाषेवर पुन्हा हात फिरवला, आणि ते गेल्यावर 2020 मध्ये छापून आलं. त्यात लेखकच मोंताल्बानोला फोन करतो आणि दोघांचं वाजतं. मालिकेतली किमान सात-आठ पुस्तकं झालेली नसतील तर तो खेळ रुचणार नाही.

आणि काही शेवट फसवे. इयन रँकिनचा पोलीस अधिकारी रीबस 2007 च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये निवृत्त झाला, 2012 मध्ये परत हजर.

माजघर
आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर बंगाली गुप्तहेर ब्योमकेश. शरदिंदू बंद्योपाध्याय 1970 मध्ये गेले तेव्हा ‘बिशुपाल वध’ अर्धीच राहिली. बत्तीस पूर्ण कथा आणि ही एक अपुरी. बेकसारखाच ब्योमकेशही वयाने वाढतो, लग्न करतो, घर बांधतो, म्हणून क्रम पाळून वाचण्यात अर्थ आहे. मात्र अपुरी कथा रहस्य म्हणून हाती घेऊ नका, उकल नाहीच. मांडणी कशी करायचे ते बघायला घ्या.

बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. झुंजारची कुठलीही गोष्ट कुठूनही उचला, पहिली काय आणि शेवटची काय.

कोरांटी
शेवटचा प्रश्न. वाचनालयात दहापैकी चारच आहेत: 1, 4, 8 आणि 10. यांवर भागवावं की थांबावं?

चौकट_राजा
1 आणि 4 बिनधास्त घ्या, त्याच क्रमाने. ‘रोझॅना’ मध्यावर रेंगाळते, प्रवाशांचे फोटो यायला लागेपर्यंत दम धरा, मग सुटत नाही. 8 आणि 10 ला हात लावू नका. आधी 7 आणि 9 मिळवा, ई-बुक असलं तरी चालेल. दोन्ही टीलच्या अनुवादातली आहेत, वेगाने होतात. 7, 8, 9, 10 ही चार सलग, मध्ये दुसरं काही न घेता. उरलेली 2, 3, 5, 6 मागाहून वाचलीत तर फार बिघडत नाही, फक्त 2 हे 9 च्या आधी घ्या, नाहीतर आंदरस्लोवमध्ये तो पत्रकार बेकच्या समोर येतो तेव्हा दोघं अवघडून का उभे राहतात ते कळणार नाही.

कोरांटी
म्हणजे 1, 2, 4, 7, 8, 9, 10. वाचनखूण साठवली. 2 आणि 7 ची चौकशी करते.

अडकित्ता
3 चं शेपूट लावा हो त्यात. गुनवाल्ड लार्सन पहिल्यांदा येतो तो ‘द मॅन ऑन द बाल्कनी’त, आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसाची तक्रार करणाऱ्या बाईचा फोन तो ज्या उर्मटपणे उडवून लावतो, त्यावरच पुढचा सगळा तपास अडलेला असतो.